पान सत्तेचाळीस

टाचणीबाईंना या नावाखेरीज दुसरे एखादे नाव आहे, हे फक्त ऑफिसच्या पगारपत्रकाला ठाऊक होते. त्यांच्या डाव्या बाहीच्या कडेला ओळीने सात-आठ टाचण्या टोचलेल्या असायच्या. कागद हाती आला की आधी टाचणी, मग चष्मा, मग वाचन, हा त्यांचा क्रम. टेबलावर चांगला स्टेपलर होता, पण त्याला त्या हात लावत नसत. "उद्या मधलं पान काढायचं झालं तर? स्टेपलर म्हणजे कागदाला कायमचं भोक," असे त्या म्हणायच्या. टाचणीनेही भोक पडतेच, हे त्यांना सांगायची छाती एकतीस वर्षांत कोणाची झाली नव्हती.

त्या सॉलिसिटरच्या ऑफिसात कामाला होत्या. कोर्टात उभे राहून गर्जतात ते वकील वेगळे. पक्षकाराची फाइल सांभाळणारे, पत्रे लिहिणारे, तारखा पाळणारे आणि त्या गर्जणाऱ्या वकिलाला नेमके कोणत्या पानावर गर्जायचे ते चिठ्ठी लावून देणारे, ते सॉलिसिटर. आणि सॉलिसिटरला ती चिठ्ठी वेळेवर मिळावी म्हणून टाचणीबाई.

पण त्यांचे खास काम म्हणजे खर्चाचे बिल. दावा जिंकला की जिंकणाऱ्याचा कोर्टखर्च हरणाऱ्याने भरून द्यायचा, हा जुना नियम. तो खर्च किती, हे मात्र जिंकणाऱ्याच्या सॉलिसिटरने कलमवार लिहून द्यावे लागे. कोणते पत्र कधी लिहिले, कोणत्या तारखेला कोण हजर राहिले, तज्ज्ञाला कशासाठी बोलावले, सगळे. मग कोर्टातला अधिकारी त्या बिलावर लाल पेन फिरवणार आणि उरेल तेवढे हरणाऱ्याकडून वसूल होणार. दुसऱ्या ऑफिसांतले लोक रजिस्टर बघून दुपारभरात बिल ठोकून मोकळे व्हायचे. बाई अख्खी फाइल वाचायच्या, पहिल्या पानापासून. पहिल्या पत्रात 'माझी पत्नी' म्हणणारा माणूस अठराव्या पत्रात 'सदर प्रतिवादी' म्हणायला लागतो, ते त्यांनी कितीदा तरी वाचले होते. एका बिलाला त्यांना तीन आठवडे लागत, पण त्यांच्या बिलावर लाल रेघ फारशी उठत नसे. माणूस भांडणात उतरून जिंकला, आणि घरी जाताना खिसा फाटकाच राहिला, तर तो कसला जिंकला, असे त्यांचे सरळ म्हणणे होते.

थोरल्या साहेबांनी त्यांना कामावर घेतले होते. थोरले साहेब गेले, त्यांच्या खुर्चीवर मुलगा आला. तो पन्नाशीला टेकला तरी सगळ्यांच्या तोंडी धाकटे साहेबच. थोरल्या साहेबांनी ऑफिसला एक शिस्त लावून दिली होती, आणि ती बाईंच्या हाडीमासी खिळली होती. नवे नियम, नवा कायदा, काहीही आले की ते आधी बाइंडरकडे जायचे. सुट्या कागदावरून काम करायचे नाही. सुटे पान हरवते, खालचे वर होते, एखादे कोणाच्या तरी चहाच्या कपाखाली सापडते. शिवून, पुठ्ठा चढून, पाठीवर नाव उमटून पुस्तक कपाटात आले की मग त्यावरून काम. तोवर कपाटातले जुने चालू. यात कधी काही बिघडले नव्हते. नियम बदलायचे दहा-बारा वर्षांतून एकदा, आणि अंमलात यायला चांगले सहा महिने घ्यायचे.

आता बाइंडर. ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर, एका बोळाच्या तोंडाशी त्याचे दुकान होते. दुकान कसले, एक लांबट खोली. एका भिंतीला कागद कापायचे जड यंत्र, दुसरीला चाक फिरवून दाबायची लोखंडी प्रेस, मध्ये टेबल, आणि सगळीकडे खळीचा आंबट वास. तो बाईंपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. बाई त्याला दादा म्हणत, तो त्यांना बाई. पुस्तकाच्या प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात बाई पेन्सिलीने बारीक आकडा घालून देत, म्हणजे पाने पुढेमागे होऊ नयेत. बाइंडर कडा कापताना खालची कड एका बोटाने जास्त सोडायचा. बाईंचे आकडे यंत्राखाली जाऊ नयेत म्हणून. दोघांनी हे कधी बोलून ठरवले नव्हते.

सात वर्षांपूर्वी शेजारच्या जागेवर बिल्डरने तळघरासाठी खड्डा घेतला, आणि एका सकाळी बाइंडरच्या दुकानाची मागची भिंत आत आली. भिंतीबरोबर प्रेस आली. प्रेसखाली बाइंडरचा उजवा हात सापडला. हात वाचला, पण दोन बोटे ताठ झाली ती झालीच. बिल्डरने आधी नुसते कानांवर हात ठेवले, मग भिंत मुळातच कच्ची होती म्हणून उलट नोटीस धाडली. बाइंडर ती नोटीस घेऊन बाईंकडे आला. बाईंनी ती वाचली, बाहीवरची टाचणी काढून कोऱ्या फाइलला लावली आणि त्याला धाकट्या साहेबांपुढे नेऊन बसवले.

सात वर्षे दावा चालला. इंजिनिअर झाले, हाडांचे डॉक्टर झाले, दोन वकील बदलले. हे सगळे फुकट होत नसते. बाइंडरने मेव्हण्याकडून उसने घेतले आणि पुढे कापायचे यंत्र त्याच्याकडेच गहाण ठेवले. मेव्हणा माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही मुलीचे शिक्षण होते. शेवटी निकाल लागला. बाइंडर जिंकला. हाताची आणि भिंतीची भरपाई मिळाली, वर कोर्टखर्चही बिल्डरने द्यावा असा हुकूम झाला. हिशेब उघड होता. खर्च परत आला तर मेव्हण्याचे फिटणार, यंत्र सुटणार, दुकान राहणार. खर्च नाही आला तर भरपाई मेव्हण्याच्या घरात जाणार, आणि तरी पुरी पडणार नाही.

"आता फक्त तुमचं बिल राहिलं, बाई," निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर बाइंडर म्हणाला.

"माझं बिल म्हणजे झालंच समजा," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांना पुढे फार दिवस ऐकू येत राहिले.

बिल द्यायला जुन्या नियमाने तीन महिने मिळत. निकालानंतर पंधरवड्याने नवे नियम आले. या वेळी वरच्या लोकांना भलतीच घाई होती. सोमवारी ईमेल आली आणि नियम त्याच सोमवारपासून लागू. कोर्टखर्चाचा सगळा कारभारच त्यांनी बदलून टाकला होता. यापुढे कलमवार बिल नाही, लाल पेन नाही. चार रकान्यांचा एक तक्ता. दावा केवढ्याचा, किती टप्पे चालला, बघा आणि आकडा टाका. तोही असा, की निम्मा खर्चसुद्धा निघू नये. धाकटे साहेब त्यावर एका दिवसाचे व्याख्यान ऐकून आले.

"जुन्या निकालांचं काय?" बाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला.

"जुन्या निकालांना जुनेच नियम. मी मुद्दाम लिहून घेतलंय," साहेब म्हणाले, आणि वहीतली ओळ त्यांनी बोटाने दाखवली. ओळ खरी होती. फक्त व्याख्यात्याने वाक्याचा पुढचा अर्धा भाग सांगितला तेव्हा साहेब बहुधा फोन घ्यायला बाहेर गेले होते.

बाईंना त्या दिवशी धास्ती वाटली होती, पण ती बाइंडरसाठी नव्हती, स्वतःसाठी होती. तक्त्यात आकडा टाकायला फाइल वाचणारी बाई कशाला लागते? साहेबांनी "तुमच्याशिवाय ऑफिसचं पान हलत नाही" वगैरे म्हटले. ते म्हणताना ते खिडकीबाहेर बघत होते.

मग ठरल्याप्रमाणे सगळे झाले. बाईंनी नियम छापून घेतले, मोठ्या कागदांवर, मधोमध घडी घालून शिवता येतील असे. एकशे साठ पाने. प्रिंटरमधून गरम गरम पाने येत होती, आणि बाई प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा घालत होत्या. एक, दोन, तीन. वाचत नव्हत्या. शिवून आल्यावर वाचायचेच होते, आणि आता वाचायला गेले तर आकडा चुकतो. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस. एकदाही पेन्सिल अडखळली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या गठ्ठा घेऊन स्वतः दुकानात गेल्या. बाइंडरने डाव्या हाताने गठ्ठा तोलला. "ही बोटं अशी. तीन आठवडे तरी जातील बघा. फारच घाई असली तर दुसऱ्याकडे..."

"छे हो, दादा! घाई नाही," बाई म्हणाल्या. "तोवर मी तुमचंच बिल करते."

आणि त्यांनी केले. आपल्या हातचे हे जुन्या धर्तीचे शेवटचे बिल, हे त्यांना कळत होते, म्हणून त्यांनी जीव ओतला. सात वर्षांची फाइल पुन्हा पहिल्यापासून काढली. भिंतीचे फोटो. हाताचे एक्स-रे. बाइंडरची पत्रे, सुरुवातीची टपोऱ्या अक्षरातली आणि नंतरची डाव्या हाताने लिहिलेली, ओळी कलंडलेली. एका पत्रात त्याने साहेबांना विचारले होते की, कोर्टात यायचे तर सदरा इस्त्रीचाच लागतो का. बाईंनी ते पत्रही बिलात धरले, कारण त्याला साहेबांनी उत्तर पाठवले होते, आणि उत्तर म्हणजे काम. एकशे बारा कलमे झाली. त्यांना वाटले, या बिलाला लाल पेन लावायला अधिकाऱ्यालाच लाज वाटावी.

नियम आल्यापासून सव्विसाव्या दिवशी बाइंडर पुस्तक घेऊन आला. गडद निळे कापड, पाठीवर सोनेरी अक्षरे, आणि खालची कड एका बोटाने जास्त. बाईंनी ते हाताळले, वास घेतला, कपाटात मानाच्या जागी ठेवले. वाचायला बसणार होत्या, पण बिलाची शेवटची बेरीज राहिली होती. आधी दादाचे काम, मग पुस्तक.

अठ्ठाविसाव्या दिवशी बिल तयार. तीन महिन्यांतले निम्मे दिवसही सरले नव्हते. एरवी लोक शेवटच्या दिवशी धापा टाकत यायचे, म्हणून बाई जरा तोऱ्यातच कोर्टाच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. खिडकीतला कारकून त्यांना वीस वर्षे ओळखत होता. त्याने निकालाची तारीख बघितली, मग भिंतीवरचे कॅलेंडर बघितले, मग बाईंकडे बघायचे टाळले.

"बाई, हे परत न्या."

"का? शिक्का राहिला कुठं?"

"शिक्का सगळा आहे हो. मुदत गेली. जुन्या निकालाचं बिल एकवीस दिवसांत यायला हवं होतं."

"अहो, तीन महिने असतात!"

"असायचे. आता नवीन नियम लागल्यापासून एकवीस दिवस. तेवढ्यात आलं तर जुना नियम, नाही तर तक्ता." तो खिडकीच्या जाळीशी वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पान सत्तेचाळीस. बघितलं नाहीत? तुम्ही नाही बघितलंत?"

हे शेवटचे वाक्य त्याने टोचून नव्हे, खरेच नवल वाटून विचारले. त्या बिल छातीशी धरून ऑफिसात परत आल्या, कपाटातून निळे पुस्तक काढले आणि उघडले. पुस्तक झकास बांधलेले होते, कुठेही उघडा, पान आपणहून खाली बसायचे. सत्तेचाळिसाव्या पानावर मधोमध दोन ओळी होत्या. आणि त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात, जपून राखलेल्या त्या जास्तीच्या कडेवर, त्यांच्याच हातचा आकडा.

धाकट्या साहेबांनी त्या ओळी तीनदा वाचल्या. मग आपल्या वहीतली अर्धी ओळ बघितली. "मीसुद्धा," एवढेच ते म्हणाले. ऑफिसात तेव्हा बिल व्हायचे राहिलेला जुना निकाल हा एकच होता. शंभर फाइली असत्या तर कोणी ना कोणी आरडाओरडा केला असता, निदान कुठून तरी कळले असते. शेवटी साहेबांनी ठरवले की, उशीर माफ करावा म्हणून अर्ज करू, स्वतः उभे राहू. "होईल काहीतरी," ते म्हणाले. थोरले साहेब हे वाक्य कधी वापरत नसत, हे बाईंना नेमके तेव्हाच आठवले.

बाइंडरला सांगायचे काम त्यांनी साहेबांना करू दिले नाही. सकाळी दुकान उघडताच त्या जाऊन उभ्या राहिल्या. तो एका जुन्या शब्दकोशाची पाठ सोलत होता. बाईंनी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. एकवीस दिवस, सत्तेचाळिसावे पान, तक्ता. चूक माझी, हे दोनदा सांगितले. बाइंडर ऐकत होता आणि चाकूला लागलेली सुकी खळ अंगठ्याने काढत होता.

"म्हणजे ते एकवीस दिवस," त्याने सावकाश विचारले, "ते पुस्तक इथंच होतं?"

"हो."

"या प्रेसखाली?"

"हो, दादा."

तो प्रेसकडे बघत राहिला. "मी वाचत नाही हो बाई. बांधणाऱ्यानं वाचत बसायचं नसतं. वाचत बसलं तर धंदा बुडतो." मग तो एकदम हसला. "न वाचताही बुडालाच म्हणा!"

बाईंना रडू आले. एकतीस वर्षांत पक्षकारासमोर त्या कधी रडल्या नव्हत्या. बाइंडरची धांदल उडाली, त्याने बसायला स्टूल पुढे केले, त्यावरचे पुठ्ठे उचलताना ते खाली सांडले.

"तुम्ही आमच्यावर दावा लावा," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "मी खरं सांगतेय. हलगर्जीपणाचा दावा. दुसरा सॉलिसिटर गाठा. मी साक्ष देईन तुमच्या बाजूनं."

"किती वर्षं चालेल?"

बाईंनी सवयीने मनात आकडा मांडला. "चार. पाच."

"आणि त्याचा खर्च?"

"तक्त्याप्रमाणे," बाई म्हणाल्या, आणि आपणच काय बोललो ते त्यांना बोलून गेल्यावर कळले.

"राहू द्या," बाइंडर म्हणाला. "आणि तुमच्यावर? माझी फाइल सात वर्षं तुम्ही लेकरासारखी सांभाळलीत. तुमच्यावर दावा लावू?" त्याने पुन्हा चाकू उचलला. रागावला असता तर बाईंना बरे वाटले असते, पण तेवढेही सुख त्याने दिले नाही.

अर्जाची सुनावणी मोजून सात मिनिटे चालली. साहेब चांगले बोलले. जन्मात बोलले नसतील इतके चांगले. त्यांनी ऑफिसची बाइंडिंगची रीत सांगितली, पुस्तक अर्जदाराच्याच दुकानात होते तेही सांगितले. न्यायाधीशांच्या टेबलावर नियमांची सुटी पाने होती, आणि त्यांना हवे ते पान काही केल्या सापडेना. बिल्डरच्या बाजूचे वकील आपली प्रत द्यायला उठले, तोवर साहेबांनी निळे पुस्तक पुढे केले. न्यायाधीशांनी ते हातात घेतले, उलटसुलट केले. "वा! फार सुबक बांधणी आहे," ते म्हणाले. मग सत्तेचाळिसावे पान काढून त्यांनी दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या, अगदी मनापासून वाईट वाटल्याच्या आवाजात. मला पूर्ण सहानुभूती आहे, ते म्हणाले. पण नियमात मुदत वाढवून द्यायचा अधिकार मला ठेवलेलाच नाही. ठेवला असता तर मी आनंदाने वापरला असता. अर्ज फेटाळला.

बाई मागच्या बाकावर बाइंडरच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी भीत भीत त्याच्याकडे पाहिले. त्याचे डोळे न्यायाधीशांच्या तोंडाकडे नव्हतेच. ते पुस्तकाकडे लागले होते.

"बघितलंत?" तो कुजबुजला. "न धरता उघडं राहिलं. या बोटांनी शिवलंय."

घरी मोठी बहीण होती, इस्पितळात पस्तीस वर्षे नर्सचे काम करून निवृत्त झालेली. तिला कशाचेच फार नवल वाटत नसे. बाईंनी न जेवताच ताट पुढे सरकवून दिले तेव्हा तिने विचारले, "चूक कोणाची?"

"माझी."

"मग माफी माग."

"मागितली, ताई."

"तो काय म्हणाला?"

"केलंन् माफ."

"मग संपलं की."

"तेच तर संपत नाही ना गं," बाई म्हणाल्या. ताईने ताट पुन्हा त्यांच्याकडे सरकवले.

धाकट्या साहेबांनी आपल्या फीचा शेवटचा हप्ता सोडून दिला. त्याने इंजिनिअरचे भागले, मेव्हण्याचे नाही भागले. दोन महिन्यांनी कापायचे यंत्र गेले. यंत्र गेल्यावर प्रेस ठेवून काय करणार, तीही गेली. दुकानात आता कोणीतरी मोबाइलची कव्हरे विकतो. सात वर्षे भांडून उभी केलेली मागची भिंत मात्र पक्की आहे. तिच्यावर कव्हरांचे खिळे ठोकलेत.

बाइंडर तीन गल्ल्या पलीकडे झेरॉक्सच्या दुकानात लागला. तिथे कागदांना यंत्राने ओळीने भोके पाडायची आणि त्यांतून प्लास्टिकची सळ ओवायची. दांडा खाली ओढला की झाले, त्याला बोटे वाकावी लागत नाहीत. बाई जाता-येता तिथे थांबू लागल्या. आधी काही बोलायला सुचत नसे, मग हळूहळू सुचायला लागले. एकदा त्याने सळ घातलेला एक गठ्ठा त्यांच्या हातात दिला. "उघडून बघा." बाईंनी उघडला. "हेही न धरता उघडं राहतं," तो म्हणाला. "याला काय अक्कल लागते?"

ऑफिसात तक्ता सुरू झाला. बाई रकाने भरतात. तासाभराचे काम, तेही चहा धरून. फाइली कपाटातून बाहेरसुद्धा काढाव्या लागत नाहीत. पहिल्या-पहिल्यांदा त्यांनी सवयीने दोन-तीन वाचायला घेतल्या. साहेबांनी पाहिले, काही म्हटले नाही, पण बाईंनाच चोरी केल्यासारखे वाटले आणि त्यांनी त्या मिटून ठेवल्या.

वर्ष होत आले तेव्हा पुन्हा एक ईमेल आली. नियमांत दुरुस्ती. बरीच ऑफिसे, बरेच पक्षकार असेच अडकले होते म्हणे, तक्रारी गेल्या होत्या. पानभर मजकूर होता. या वेळी बाईंनी तो प्रिंटरपाशी उभ्या राहूनच वाचला, अक्षर न् अक्षर, दोनदा. पान सत्तेचाळीस, एकवीस दिवसांऐवजी नव्वद दिवस असे वाचावे. आणि खाली बारीक अक्षरांत: ज्या अर्जांचा निर्णय याआधी झाला आहे, त्यांना ही दुरुस्ती लागू नाही.

त्या कागद घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबांनी वाचला, चष्मा काढला, डोळे चोळले. "काही करता येणार नाही, बाई."

"माहितीय," बाई म्हणाल्या. "वाचलंय मी."

"मग निदान पुस्तकात करून घ्या दुरुस्ती. उगाच कोणाची गफलत नको."

दुरुस्ती करायची रीत ठरलेली होती. नव्या ओळींची पट्टी कापायची आणि जुन्या ओळींवर गोंदाने चिकटवायची. बाईंनी निळे पुस्तक काढून टेबलावर ठेवले. ते उघडले आणि न धरता उघडे राहिले. पट्टी बरोबर मापाची कापली. ती ओळींवर ठेवून बघितली, तर खालच्या दोन ओळी अशा झाकल्या गेल्या की, जणू कधी नव्हत्याच. उद्या हे पुस्तक जो उघडेल त्याला दिसणार, नव्वद दिवस. एवढे भरपूर दिवस असून बाइंडरचे बिल का गेले नाही, याचे उत्तर देणारा एकही कागद मग कुठे उरणार नव्हता.

बाईंनी गोंदाच्या बाटलीचे झाकण लावून टाकले. बाहीवरची एक टाचणी काढली आणि पट्टी फक्त वरच्या कडेने टाचली. खालून उचलली की जुन्या ओळी दिसत होत्या, आणि त्यांच्या खाली पेन्सिलीचा आकडा.

साहेब जाता जाता टेबलाशी थांबले. "चिकटवा की नीट. टाचणीनं पान फाटतं, बाई."

एकतीस वर्षांत हे त्यांना तोंडावर सांगणारे ते पहिलेच. बाईंनी मान वर केली नाही.

"फाटू दे," त्या म्हणाल्या, आणि पुस्तक मिटून कपाटात ठेवले.